जुलैपासून सुरू होणारी चॅम्पियन्स लीग

31 मे 2025 रोजी म्युनिकमध्ये पॅरिस सेंट जर्मेनने इंटर मिलानचा 5-0 असा धुव्वा उडवून चॅम्पियन्स लीगचा करंडक उचलला. त्याला सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच 8 जुलैला पुढच्या हंगामाची पहिली पात्रता फेरी सुरू झाली. आइसलँड, माल्टा, कोसोवो, आर्मेनिया, अँडोरा या देशांचे विजेते त्या दिवसांत मैदानात होते. आपल्याकडे बहुतेकांची चॅम्पियन्स लीग सप्टेंबरात सुरू होते, त्यामुळे या फेऱ्या नजरेआड राहतात. त्या असाव्यात का आणि असल्या तर कशा, यावर माझ्या मनात दोन बाजू झगडत असतात. त्या इथे एका मामांच्या आणि त्यांच्या भाचीच्या तोंडी दिल्या आहेत. मामा कोल्हापूरचे, तरुणपणी पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर खेळलेले. भाची पुण्यात लेखापरीक्षण करते आणि युरोपातल्या क्लबांचे ताळेबंद आवडीने वाचते.

भाची : मामा, मामी सांगत होती, कायरात आणि सेल्टिकची ती मॅच तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत बघत बसला होता. एकशेवीस मिनिटं खेळून एकही गोल नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात ग्लासगोला झालेला पहिला लेगसुद्धा गोलशून्य. एवढं काय होतं त्यात?

मामा : अगं, सगळं त्यातच होतं. कायरातचा गोलरक्षक तेमिर्लान अनारबेकोव, वय वर्षं एकवीस. समोर सेल्टिक, 1967 मध्ये युरोपियन कप जिंकलेला क्लब. शूटआउटमध्ये या पोरानं तीन पेनल्टी अडवल्या आणि कायरात 3-2 नं पुढे गेला. कझाकस्तान 2002 पर्यंत आशियाई महासंघात होता, ठाऊक आहे ना? तिथल्या अल्माटी शहराचा हा क्लब जुलैत पहिल्या फेरीपासून खेळत होता. आधी स्लोव्हेनियाचा ऑलिम्पिया ल्युब्लियाना, मग फिनलंडचा कुप्स, मग स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा, तेही पेनल्टीवर, आणि शेवटी सेल्टिक. चार देशांच्या विजेत्यांना हरवून तो मुख्य फेरीत आला. महिन्याभरानं रेआल माद्रिद त्याच्या दारात खेळायला आली.

भाची : आणि 5-0 नं जिंकून परत गेली. माझा मुद्दा तोच आहे. दीड-दोन महिने एवढा घाम गाळून मिळतं काय, तर एमबाप्पेची हॅटट्रिक आपल्याच मैदानावर बघायला. युरोपच्या पश्चिम टोकाच्या लिस्बनहून अल्माटीचं अंतर जवळजवळ सात हजार किलोमीटर. एवढ्या प्रवासाचे, एवढ्या एकतर्फी सामन्यांचे कष्ट कशासाठी? युएफाकडे पाच वर्षांच्या कामगिरीचं गुणांकन असतंच. त्यावरून लहान देशांतले चांगले पाच विजेते निवडा आणि थेट बोलवा. जुलै-ऑगस्टचा हा खटाटोप वाचेल.

मामा : त्या गुणांकनावर कायरात कधीच आला नसता. गुण मिळवायला युरोपात खेळावं लागतं आणि खेळायला मिळावं म्हणून गुण लागतात. हा फास फक्त मैदानावरच सुटतो. आणि दार बंद करून बघायचा प्रयोग झालेला आहे, बाळा. 1994 ते 1997 ही तीन वर्षं आठव. तेव्हा मुख्य स्पर्धेत आणि तिच्या पात्रता फेरीत मिळून चोवीसच विजेत्यांना जागा होती. बाकीच्या देशांच्या विजेत्यांना सांगितलं गेलं, तुम्ही युएफा कपमध्ये खेळा. घरची लीग जिंकूनही युरोपच्या पहिल्या स्पर्धेत पात्रतेचा एक सामनासुद्धा त्यांच्या वाट्याला नव्हता.

भाची : ते 1997 मध्ये पुन्हा आत आले.

मामा : आले, पण कुठल्या सौद्यात? त्याच वर्षी वरच्या आठ देशांच्या उपविजेत्यांनाही आत घेतलं. दोनच वर्षांनी बड्या लीगमधल्या चौथ्या क्रमांकालाही जागा झाली. आज पात्रता फेऱ्यांची जी लांबलचक रांग दिसते, ती लहान देशांच्या हट्टामुळे लागलेली नाही. मोठ्या देशांचे दुसरे, तिसरे, चौथे बसवायचे होते, म्हणून लहान देशांच्या पहिल्यांना जुलैत उभं केलं.

भाची : हे मी मान्य करते. पण सुरुवातीलाही सगळं काही गुणवत्तेवर नव्हतं. 1955 मध्ये लेकिप या फ्रेंच क्रीडा दैनिकाने ही स्पर्धा जुळवली, तेव्हा सोळा क्लबांना बोलावणी गेली होती. स्कॉटलंडकडून हिबर्नियन आला, तो लीगमध्ये पाचवा होता, विजेता होता ॲबर्डीन. आणि इंग्लंडचा विजेता चेल्सी आलाच नाही, तिथल्या फुटबॉल लीगनं त्याला जाऊ दिलं नाही.

मामा : म्हणून तर बोलावण्याची पद्धत टिकली नाही. ज्यानं घरची लीग जिंकली तो येईल, हा नियम लगेच पुढे रूढ झाला, आणि त्या नियमामुळेच या स्पर्धेला वजन आलं. एप्रिल 2021 मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी बोलावण्याचीच पद्धत सुपर लीगच्या नावानं परत आणायचा घाट घातला. दोन-तीन दिवसांत तो डाव मोडला, कारण चेल्सीचे स्वतःचे पाठीराखे स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्त्यावर उतरले. लोकांना काय खुपलं होतं? खाली वाट नाही, हे.

भाची : वाट आहे असं दाखवणं आणि वाट असणं यात फरक आहे, मामा. मी आकड्यांची माणूस. वरच्या चार देशांचे चार-चार क्लब थेट. त्यातही आदल्या वर्षी ज्या दोन देशांच्या क्लबांची युरोपात सर्वांत चांगली कामगिरी झाली, त्यांना 2024 पासून पाचवी जागाही थेट. आणि क्रमवारीत वरच्या दहा देशांच्या पलीकडे जे चाळीसहून अधिक देश उरतात, त्यांच्या विजेत्यांनी एक ते चार फेऱ्या खेळून मिळवायच्या जागा पाच. इतक्या अरुंद फटीला तुम्ही दार म्हणता आणि रात्र रात्र जागता.

मामा : फट अरुंद आहे, कबूल. पण त्या फटीतून काय काय आत आलंय ते बघ. 2009 मध्ये मिशेल प्लातिनींच्या काळात विजेत्यांचा मार्ग वेगळा केला. त्याआधी सायप्रसच्या विजेत्याची गाठ इंग्लंडच्या चौथ्याशी पडायची आणि खेळ तिथंच संपायचा. मार्ग वेगळा झाला आणि दोनच वर्षांनी, 2011-12 मध्ये, निकोसियाचा अपोएल अल्बानियाच्या, स्लोव्हाकियाच्या आणि पोलंडच्या विजेत्यांना हरवून गटात आला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत पोचला. पुढच्या वर्षी बेलारूसच्या बाटे बोरिसोवनं मिन्स्कमध्ये बायर्न म्युनिकला 3-1 नं हरवलं. तीच बायर्न त्या हंगामात युरोपची विजेती झाली. बाटेही पात्रता फेऱ्यांतूनच आली होती.

भाची : बाटेचं नाव तुम्ही घेतलंत, बरं झालं. आता माझी खरी तक्रार ऐका. प्रवास, एकतर्फी सामने हे सगळं मी सोडून देते. माझी तक्रार पैशाची आहे. बाटेनं 2006 ते 2018 बेलारूसची लीग सलग तेरा वेळा जिंकली. बल्गेरियाच्या लुदोगोरेत्सनं 2012 ते 2025 सलग चौदा वेळा. मोल्दोव्हात शेरिफ तिरास्पोलनं 2001 ते 2010 सलग दहा, आणि पुढेही बरीच. नॉर्वेत रोझेनबोर्ग 1992 ते 2004 सलग तेरा. हे सगळं एकाच गोष्टीतून घडलं. आज मुख्य फेरीत नुसतं पोचलं की क्लबला 1 कोटी 86 लाख युरो मिळतात. वर सामना जिंकला तर 21 लाख, बरोबरी झाली तर 7 लाख. बल्गेरियाच्या किंवा मोल्दोव्हाच्या लीगमध्ये ही रक्कम उतरली की बाकीच्या क्लबांनी काय करायचं? पैसा आला की चांगले खेळाडू येतात, ते आले की लीग जिंकता येते, लीग जिंकली की पुन्हा पात्रता फेरी, पुन्हा पैसा. युरोपात जो क्लब गरीब म्हणून आपल्याला आवडतो, तोच घरी सगळ्यांना गिळून बसलेला असतो. शेरिफ बघा. मोल्दोव्हापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियातला क्लब, तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या मालकीचा, दुकानं आणि पेट्रोल पंप त्याच नावाचे. त्याला परीकथेतला धाकटा राजपुत्र म्हणणं मला जमत नाही.

मामा : शेरिफनं 28 सप्टेंबर 2021 ला बेर्नाबेउवर रेआल माद्रिदला 2-1 नं हरवलं. शेवटच्या मिनिटाला सेबास्तियान थिलनं मारलेला तो गोल मी विसरणार नाही. त्याआधी तो संघ जुलैत पहिल्या फेरीत अल्बानियाच्या तेउताशी खेळला, मग आर्मेनियाच्या अलाश्कर्टशी, मग रेड स्टार बेलग्रेड, मग दिनामो झाग्रेब. थिल लक्झेंबर्गचा, गोलरक्षक ग्रीक, प्रशिक्षक युक्रेनचा. मालक कोण होता याचा हिशेब तू ठेव. मैदानावर त्यांनी ती वाट पायाखाली घातली.

भाची : मी तो हिशेब ठेवणारच. मैदानावर उतरण्याआधीच निम्मा खेळ होऊन गेलेला असतो.

मामा : मग लुदोगोरेत्सचं ऐक. 27 ऑगस्ट 2014, सोफियात प्ले-ऑफचा दुसरा लेग, समोर रुमानियाचा स्टेआऊआ. पहिला लेग स्टेआऊआनं 1-0 नं जिंकलेला. नव्वद मिनिटं संपत आली आणि वांदेरसननं गोल मारून बरोबरी साधली. जादा वेळेच्या अगदी शेवटी गोलरक्षक स्तोयानोव लाल कार्ड घेऊन बाहेर. बदली खेळाडूंचा कोटा संपलेला. आता गोलात कोण? बचावपटू कोस्मिन मोत्सी, स्वतः रुमानियाचा, त्यानं हातमोजे चढवले. शूटआउटची पहिली पेनल्टी त्यानं स्वतः मारली आणि गोल केला, मग गोलात उभा राहून दोन अडवल्या. लुदोगोरेत्स 6-5 नं जिंकला. पुढे क्लबनं स्टेडियमच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं. शाहू स्टेडियमवर आमच्या वेळीही गोलकीपर जखमी झाला की एखादा बॅक हातमोजे घालायचा, त्यामुळे त्या रात्री त्याच्या पोटात काय कालवलं असेल ते मला कळतं. चॅम्पियन्स लीगच्या वसंत ऋतूतल्या सामन्यांत सगळं एवढं मोजूनमापून असतं की असली रात्र तिथं क्वचित येते.

भाची : ती रात्र मीही नंतर बघितली आणि अंगावर काटा आला. पण त्या रात्रीचा पैसा लुदोगोरेत्सच्या खात्यात गेला आणि पुढची अकरा वर्षं बल्गेरियात दुसरा कुणी विजेता झाला नाही. सोफियाच्या लेव्हस्कीचा, सीएसकेएचा पाठीराखा काय म्हणेल?

मामा : तो म्हणेल, आमच्या क्लबांनी कारभार नीट केला असता तर. आणि तूच रोझेनबोर्गचं नाव घेतलंस ना? त्या रोझेनबोर्गचं राज्य संपलं. आज नॉर्वेचं नाव काढलं की लोक बोडो-ग्लिम्ट म्हणतात. आर्क्टिक वर्तुळाच्या वरचं गाव, घरचं मैदान कृत्रिम गवताचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये प्ले-ऑफला रेड स्टारकडून हरले, युरोपा लीगमध्ये उतरले आणि थेट उपांत्य फेरी गाठली. नॉर्वेचा कुठलाच क्लब युरोपात तिथवर गेला नव्हता. पुढच्या वर्षी प्ले-ऑफमध्ये ऑस्ट्रियाच्या श्टुर्म ग्रात्सला पहिल्याच लेगमध्ये 5-0. यात एक बारकावा आहे. नॉर्वे, स्वीडन, कझाकस्तान इथल्या लीग वसंतात सुरू होऊन थंडीच्या तोंडावर संपतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचे खेळाडू भरात असतात आणि समोरचे सुट्टीवरून नुकतेच परतलेले. पात्रता फेरीच्या वेळापत्रकानं लहानांना दिलेला हा एवढाच फायदा आहे.

भाची : फेरो बेटांचाही हंगाम उन्हाळीच ना?

मामा : हो. 2023 चा क्लाक्सविक. पाच हजारांच्या आसपास वस्तीचं मासेमारीचं गाव. खेळाडूंपैकी बरेचजण नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. त्यांनी बुडापेस्टला जाऊन फेरेन्त्सवारोशला 3-0 नं हरवलं. हंगेरीच्या विजेत्या क्लबनं दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक चेर्चेसोव यांना काढून टाकलं. मग क्लाक्सविकनं स्वीडनचा हेकेन पेनल्टीवर घालवला. मोल्देकडून जादा वेळेत हरले, पण कॉन्फरन्स लीगच्या गटात पोचले. फेरो बेटांच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं. तुझ्या गुणांकनानं या गावाला कुणी बोलावलं असतं का?

भाची : नसतं. क्लाक्सविकच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही.

मामा : आणि आपल्याकडचं सांगतो. गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडून युरोपा लीगमध्ये खेळला, त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला भारतीय. तो सामना कुठला? 30 जून 2016, पहिली पात्रता फेरी, समोर वेल्सचा कॉनाज की. मनीषा कल्याण महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय, ऑगस्ट 2022, सायप्रसच्या अपोलोनकडून. तोही पात्रता फेरीचाच सामना. युरोपच्या स्पर्धांत आपल्या माणसांनी पाय ठेवला तो याच उंबऱ्यावरून. आशियातही तसंच. ऑगस्ट 2025 मध्ये एफसी गोवानं फातोर्ड्यात ओमानच्या अल-सीबला 2-1 नं हरवलं, तो प्ले-ऑफ जिंकला म्हणूनच ऑक्टोबरात अल-नास्र गोव्यात खेळायला आली.

भाची : रोनाल्डो आला नाही.

मामा : नाही आला. त्याच्यासाठी तिकीट काढलेल्या पोरांचा हिरमोड झाला. पण गोवा 1-2 नं हरला, पाच-सहा गोल खाऊन नाही. ते बघायला मिळालं.

भाची : ठीक. आता माझं एक ऐका. तुम्ही या फेऱ्यांची वाट मोकळी म्हणता, पण तिथला न्यायही लहानांवर जास्त कडक पडतो. 2014 ची लेगिया वॉर्सा. सेल्टिकला पहिल्या लेगमध्ये 4-1, दुसऱ्यात 2-0. दोन्ही मिळून 6-1. दुसऱ्या लेगच्या शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी बेरेशिन्स्कीला मैदानात उतरवलं. त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती. आधीच्या फेरीत तो सेंट पॅट्रिक्सविरुद्ध दोन्ही सामने बाहेर बसला होता, पण त्या फेरीच्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नावच दिलेलं नव्हतं. नाव नाही, म्हणून ते दोन सामने बंदीत धरले गेले नाहीत. युएफानं दुसरा लेग सेल्टिकला 3-0 दिला. 4-4 झाले, आणि अवे गोलवर सेल्टिक पुढे. मी रोज कागद तपासते, नियम मोडला हे मला दिसतं. पण काही मिनिटांसाठी 6-1 चा निकाल उलटवणं मला पचत नाही.

मामा : मलाही नाही. नंतर मारिबोरनं सेल्टिकला प्ले-ऑफमध्ये हरवलं, तेव्हा मी मारिबोरच्या बाजूनं ओरडत होतो. पण कागदाची ती चूक लेगियाच्या कार्यालयाची होती. मोठ्या क्लबाकडे असल्या कामाला चार माणसं असतात, इथे एखाद्याच्याच डोक्यावर सगळं. म्हणून मी म्हणतो, मदत तिथं द्यायला हवी. फेऱ्या बंद करून ती होणार नाही.

भाची : मदत आहे म्हणा थोडी. सध्याच्या व्यवस्थेत युएफाच्या क्लब स्पर्धांच्या 440 कोटी युरोंच्या उत्पन्नातले 7 टक्के युरोपात न खेळणाऱ्या क्लबांसाठी आणि 3 टक्के पात्रता फेऱ्यांत बाद होणाऱ्यांसाठी ठेवलेले आहेत. पण न खेळणाऱ्यांचे ते 30 कोटी युरो सगळ्या खंडभर, शेकडो क्लबांत वाटले जातात. तेवढ्यात एकट्या लुदोगोरेत्सच्या तिजोरीची बरोबरी करायची कशी? माझं मागणं साधं आहे. जो क्लब विजेत्यांच्या मार्गातून मुख्य फेरीत येईल, त्याच्या प्रवेशाच्या रकमेतला एक भाग त्याच्या देशाच्या लीगमधल्या इतर क्लबांच्या युवा संघांना थेट जावा.

मामा : किती भाग?

भाची : एक तृतीयांश.

मामा : जास्त होतो. चार फेऱ्या, आठ सामने खेळून आलेल्या क्लबाचा एवढा वाटा काढून घ्यायचा आणि इंग्लंडच्या पाचव्याचा एक युरोही नाही, हे मला मान्य नाही. घ्यायचं तर दोघांकडून घे.

भाची : दोघांकडून घेऊ. त्यातही मोठ्यांकडून आधी.

मामा : आणि फेऱ्यांचं? बंद करायच्या म्हणत होतीस.

भाची : नाही म्हणत आता. क्लाक्सविकला मी बाहेर ठेवू शकत नाही. पण मग वाट खरंच वाट असू दे. चांगल्या कामगिरीच्या नावावर दोन बड्या देशांना दिलेल्या पाचव्या जागा काढा. त्या दोन जागा विजेत्यांच्या मार्गाला द्या, पाचच्या सात होतील. एखाद्या बड्या क्लबाला जुलैत खेळावं लागलं तर काही बिघडत नाही. लिव्हरपूल 2005 मध्ये युरोपची विजेती असून पहिल्या पात्रता फेरीत खेळलीच की, वेल्सच्या टीएनएसशी. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यानंतर सात आठवड्यांत जेरार्ड ॲनफिल्डवर उतरला आणि त्यानं तीन गोल केले.

मामा : तेव्हा लिव्हरपूल लीगमध्ये पाचवी होती. पाचव्या क्रमांकाला पहिल्या फेरीपासून खेळवलं, हे तेव्हा योग्य होतं आणि आजही योग्यच ठरेल.

भाची : मग यावर आपलं एकमत झालं. शेरिफवर होणार नाही.

मामा : शेरिफवर नको. बेर्नाबेउवरचा तो गोल मी तुझ्या ताळेबंदात मांडू देणार नाही.

भाची : बरं, तो तुमच्याकडे ठेवा. मला हा आकडा मांडू दे. 2025-26 च्या मुख्य फेरीत एकट्या इंग्लंडचे क्लब सहा होते. चाळीसहून अधिक देशांच्या विजेत्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये खेळून मिळवलेल्या जागा पाच : कायरात, पाफोस, बोडो-ग्लिम्ट, काराबाख आणि कोपनहेगन. युएफाने आधी हे प्रमाण बदलावं.